ख्रिस्त म्हणजे तेल लावलेला

प्रश्न वेंगुर्ल्याहून आला आहे. नोव्हेंबरात चर्चच्या दारावर 'ख्रिस्तराजाचा सण' असा फलक लागतो. त्यात ख्रिस्त हे नाव आणि राजा ही पदवी, असं धरायचं का? आणि देवाला वेगळं राजेपण कशाला?

सणाचं आधी उरकतो. पोप अकरावे पायस यांनी तो डिसेंबर १९२५ मध्ये घालून दिला, तेव्हा ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. १९७० पासून तो चर्चच्या उपासना-वर्षाच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे २० ते २६ नोव्हेंबरच्या दरम्यान येतो.

आता शब्द. ख्रिस्त हे नाव नव्हे, आडनाव तर मुळीच नव्हे. नाव येशू. हिब्रू 'माशीअह' म्हणजे तेल लावलेला, त्याचं ग्रीक भाषांतर 'ख्रिस्तोस', आणि त्याच माशीअहचा अरबी-उर्दूतून फिरून आलेला अवतार म्हणजे मसीहा. दर निवडणुकीत कुणी ना कुणी 'गरिबांचा मसीहा' होतो आणि कान किटतात. लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं तारणहार. पण तारण्याचा अर्थ 'येशू' या नावात आहे, देव तारतो असा. मसीहात तारणं नाही, तेल आहे. इराणचा राजा कोरेश यहुदी धर्माचाही नव्हता, तरी बायबलमधल्या यशया ४५:१ मध्ये त्याला हाच शब्द लावला आहे.

ख्रिस्त म्हणजे कृष्णच, असं दडपून सांगणारे विद्वानही अधूनमधून भेटतात. कृष्ण म्हणजे काळा. ख्रिस्तोस हे 'ख्रिओ', म्हणजे चोळणे, माखणे, या धातूचं विशेषण. नुसत्या उच्चारसाम्यावर सोयरीक जुळवायची तर मग पेण आणि पेन हीही भावंडंच.

खरी तक्रार मात्र 'अभिषिक्त'बद्दल आहे. कोशकार ख्रिस्तासमोर अभिषिक्त लिहून मोकळे होतात. अभिषेकातला धातू 'सिच्', शिंपणे. सिंचन त्याच्याच घरचं. आपल्याकडे राजाला नद्यांच्या पाण्याने न्हाऊ घालत, तेव्हा तिथे तो शब्द चपखल. हिब्रू 'माशाह' म्हणजे माखणे. संदेष्टा शमुवेलाने शौलाला राजा करताना त्याच्या डोक्यावर तेलाची कुपी ओतली, मग ते शिंपणंच नाही का, असं कुणी विचारील. ओतली खरी, पण क्रियापद पाहा: लेवीय २:४ मध्ये तेल लावलेल्या बेखमीर चपात्यांनाही हेच वापरलं आहे. चपातीला आपण अभिषेक करतो का? संस्कृतात अंगाला तेल चोळण्याला अभ्यंग म्हणतात आणि तेल लावलेल्याला अभ्यक्त. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान करणाऱ्या मराठी माणसाला हा शब्द जड जाऊ नये. पहिल्या भाषांतरकाराने तो उचलला असता तर निम्मे घोटाळे झालेच नसते.

तेलही साधं नव्हे. निर्गमच्या ३०व्या अध्यायात माप दिलं आहे: गंधरस ५०० शेकेल, दालचिनी २५०, वेखंडासारखा सुगंधी बोरू २५०, तज ५००, आणि जैतुनाचं तेल एक हिन. शेकेल साधारण ११ ग्रॅमचा धरला तर मसाला सोळा-सतरा किलो होतो आणि तेल जेमतेम चार ते सहा लिटर. आयुर्वेदात कल्क, म्हणजे औषधाचा वाटलेला गोळा, एक भाग, तेल चार भाग आणि पाणी सोळा भाग असा तेलपाक असतो. इथे प्रमाण साफ उलटं. एवढा मसाला थेट तेलात टाकला तर तो सगळं तेल पिऊन टाकील, हाती लगदा राहील. म्हणून यहुदी पंडितांचा यावर जुना वाद आहे. एक पक्ष म्हणतो, मसाला आधी पाण्यात मुरवायचा, मग वर तेल ओतायचं आणि वास धरला की ते काढून घ्यायचं. आणि बघा, अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, घाण्यावर तेल गाळत, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं शनवार तेली. ज्यांच्या धर्मग्रंथात तेल लावलेल्या राजाची वाट पाहिली जाते, त्यांना कोकणाने ओळखावं ते तेली म्हणून!

असो, राजेपण. वसईपासून गोव्यापर्यंत वाटेवरच्या कितीतरी क्रुसांच्या माथ्यावर आय-एन-आर-आय अशी चार रोमन अक्षरं दिसतात. त्यांतलं तिसरं 'रेक्स'चं, आणि लॅटिन रेक्स हा आपल्या राजाचा सख्खा भाऊ. 'नासरेथकर येशू, यहुद्यांचा राजा' हा रोमन सुभेदार पिलाताने लावलेला आरोपफलक. 'मी राजा आहे असं हा म्हणाला' एवढंच लिहा, अशी याजकांची मागणी होती. पिलाताने एक अक्षर बदललं नाही. त्याआधी येशूने त्याला सांगितलं होतं, 'माझे राज्य या जगाचे नाही.' आपली षष्ठी विभक्ती इथे फसवते. ग्रीकमध्ये 'एक' (ek) हे अव्यय आहे, म्हणजे 'मधून, पासून': राज्य जगासाठी आहे, पण त्याची सत्ता जगाकडून आलेली नाही.

'तुझे राज्य येवो' यातलं राज्यही नकाशातलं नव्हे. मूळ 'बासिलेइआ' म्हणजे आधी राजेपण, राज्य करणं, मुलूख नंतर. मुलूख येत नाही, आपण तिथे जातो. मराठीत राज्य येतं ते लपंडावात. ज्याच्यावर राज्य आलं तो आंब्याच्या खोडाला कपाळ टेकून शंभर मोजतो, मग उन्हातान्हात सगळ्यांना शोधत फिरतो. शिष्यांचे पाय धुणाऱ्या राजाला कोशातल्या 'भूप्रदेशा'पेक्षा हा अर्थ जवळचा आहे. कोशकार मानोत न मानोत.

शिवाय हे राजेपण एकट्याचं नाही. कॅथलिक स्नानसंस्कारात, म्हणजे बाप्तिस्म्यात, पाण्यानंतर बाळाच्या टाळूला बिशपने पवित्र केलेलं सुगंधी तेल लावतात. याजक, संदेष्टा आणि राजा असलेल्या ख्रिस्ताचा तू अवयव आहेस, असा त्याचा अर्थ. जैतून मिळणं कठीण असेल तिथे १९७० पासून दुसरं वनस्पतितेल चालतं, म्हणजे नियमाने खोबरेलही.

आणि हो, फलक. 'ख्रिस्तराजा' जोडूनच लिहा. नाव अधिक पदवी म्हणून नव्हे. पदवी अधिक पदवी आहे ती.