एकच नियम बदला, बाकी सांगली तशीच ठेवा

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. 'असं झालं असतं तर' या धर्तीच्या विज्ञानकथा, गूढकथा, अद्भुतकथा माणसाला एवढ्या का धरून ठेवतात, आणि हा प्रकार आपण इंग्रजीतून उचलला आहे का. दुसऱ्याचं उत्तर आधी देते. काही साचे तिकडून आले हे खरं, पण अशा गोष्टीची ओढ आपल्याकडे फार जुनी आहे.

मी सांगलीत राहते आणि सुट्टीत शाळकरी मुलांना गोष्टी वाचून दाखवते. त्यात योगवासिष्ठ या जुन्या संस्कृत ग्रंथातली लवण राजाची गोष्ट असतेच. भर दरबारात एक जादूगार येतो, मोरपिसांचा कुंचला फिरवतो, आणि राजा घटकाभर दगडासारखा बसून राहतो. भानावर आल्यावर तो सांगतो, एका घोड्याने मला रानात नेलं. तिथे भुकेने जीव जात होता तेव्हा एका चांडाळाच्या मुलीने अन्न दिलं, पण लग्नाच्या अटीवर. मी तिच्याशी संसार केला, मुलं झाली, केस पिकले. मग दुष्काळ पडला, धाकटं पोर भुकेने रडू लागलं, आणि त्याला माझं मांस तरी मिळावं म्हणून मी आगीत शिरलो, तोच इथे जागा झालो. दरबारी म्हणतात, भास असेल. पण राजा दुसऱ्या दिवशी ती जागा शोधायला निघतो, आणि ती सापडते. तीच वस्ती, तोच दुष्काळ, आणि मुलगी-जावई गेले म्हणून रडणारी म्हातारी सासू.

हे ऐकल्यावर एका मुलीने मला विचारलं, "मग आता राजा त्या सासूला घरी नेणार का?" असं घडणं शक्य आहे का, हे कुणीच विचारलं नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला त्या मुलीच्या प्रश्नात दिसतं.

अशा गोष्टी ढिगाने आहेत. भागवतातला ककुद्मी राजा मुलीसाठी वर विचारायला ब्रह्मलोकात जातो, तिथे गाणं चालू असतं म्हणून थोडा थांबतो, तेवढ्यात खाली सत्तावीस चतुर्युगं उलटतात. गुणाढ्याची बृहत्कथा, म्हणजे गोष्टींचा फार जुना मोठा ग्रंथ, तर आपल्या पैठणच्या सातवाहनांशी जोडलेली आहे. राजाने ग्रंथ नाकारला, तेव्हा गुणाढ्य रानात बसून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत जाळत गेला आणि जनावरं चरायची थांबून ऐकत राहिली, अशी आख्यायिका आहे. त्याच परंपरेतून सोमदेवाच्या कथासरित्सागरात वेताळाच्या पंचवीस गोष्टी आल्या. वेताळ गोष्ट संपवत नाही, न्याय विक्रमावर टाकून मोकळा होतो. चांगली कल्पितकथा आजही हेच करते. आणि सांगलीपुरतं बोलायचं तर इथे 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं, तेव्हापासून मराठी रंगभूमी देव-राक्षसांना अंगाखांद्यावर घेऊनच वाढली.

पाश्चात्त्यांचं देणं मान्य करायलाच हवं. मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी 1818 ची. मग एडगर अ‍ॅलन पो, ज्यूल व्हर्न, एच. जी. वेल्स हे लेखक. पण वेल्सची कालयंत्राची कादंबरी 1895 साली आली, आणि पुढच्याच वर्षी बंगालीत जगदीशचंद्र बोस केसाच्या तेलाच्या बाटलीने समुद्रातलं वादळ शमवणारी गोष्ट लिहीत होते. 1905 मध्ये रोकेया हुसेन या बंगाली लेखिकेने बायका राज्य चालवतात आणि पुरुष पडद्यात राहतात असा देश कल्पिला. म्हणजे आपण काही नुसते वाचक नव्हतो.

मराठीत या कथेला मोठा वाचक मिळवून दिला तो जयंत नारळीकरांनी. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावाने पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. पण माझ्या लेखी त्यांची सगळ्यात भारी कथा 'गंगाधरपंतांचे पानिपत'. इतिहासाचा हा प्राध्यापक वेगळ्याच मुंबईत जाऊन पोचतो आणि ग्रंथालयात स्वतःच लिहिलेले इतिहासाचे खंड उघडतो. औरंगजेबापर्यंत सगळं ओळखीचं निघतं. शेवटचा खंड तो दोन्ही टोकांकडून वाचत आत येतो आणि ज्या क्षणापासून इतिहास फिरला तो गाठतो. पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलीच नाही, तिळाएवढ्या अंतराने कानाजवळून गेली. आपण अजून 'विश्वास पानिपतात गेला' म्हणतो, 14 जानेवारी 1761 ही तारीख आपल्याला सांगावी लागत नाही. त्यामुळे ही कथा मराठी माणसाच्या जिथे वर्मी लागते तिथे ती दुसऱ्या कुणाच्या लागणार नाही.

आता ओढ कशाची, ते. अशी कथा जगाचा एकच नियम बदलते आणि बाकी सगळं काटेकोर तसंच ठेवते. समजा, सांगलीतल्या आयर्विन पुलाच्या पाणी मोजायच्या पट्टीवर कृष्णेच्या पाण्याचा उद्याचा आकडा आजच दिसू लागला, आणि तोही एकाच माणसाला. पंचेचाळीस फूट ही धोक्याची पातळी इथल्या पोराटोराला ठाऊक आहे, 2005 आणि 2019 चा महापूर लोकांनी अंगावर काढला आहे. हा माणूस गणपती पेठेतला व्यापारी आहे. आकडा बघून तो रातोरात माल माडीवर चढवायला घेतो. शेजारच्या दुकानदाराला सांगितलं तर सगळी पेठ हमालांच्या मागे लागेल आणि याचा माल खालीच राहील. मग तो सांगेल का? पट्टी असं का दाखवते, याच्याशी वाचकाला काही देणंघेणं उरत नाही. तो त्या दोन दुकानांमधल्या भिंतीपाशी अडकतो. साध्या वास्तववादी कथेत त्या व्यापाऱ्याला कधीच एवढं कोंडीत पकडता आलं नसतं.

लघुकथाच का, तर कादंबरीला त्या पट्टीचा खुलासा द्यावा लागतो. तीनशे पानं वाचक 'का' विचारल्याशिवाय राहणार नाही. दहा पानांत तो विचारायच्या आत गोष्ट संपते. आपल्या कितीतरी विज्ञानकथा नेमक्या इथे पडतात असं मला ठामपणे वाटतं. शेवटच्या दोन पानांत एक शास्त्रज्ञ उभा राहतो आणि व्याख्यान देतो. कल्पना चांगली, माणसंही चांगली, आणि त्या व्याख्यानात सगळं विरघळून जातं. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा आणि नारायण धारपांच्या भयकथा या बाबतीत जास्त सुज्ञ आहेत. ते भीती दाखवतात आणि बाजूला होतात.

कुठून सुरुवात करावी म्हणाल, तर नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह आधी घ्या, मग मतकरी. दिवाळी अंकांत 'नवल' आणि 'धनंजय' यांनी हा प्रकार वर्षानुवर्षं जपला आहे; जुने अंक रद्दीत किंवा नगर वाचनालयात मिळाले तर सोडू नका. जी. ए. कुलकर्णींचं 'रमलखुणा' मात्र थोडं थांबून घ्या. त्यातल्या दोन्ही कथा दीर्घ आहेत, त्यांचा देश-काळ कुठल्याच नकाशावर नाही, आणि त्यांना सलग मोकळा वेळ लागतो.