टेलचे पाणी आणि आपल्या मुलाचा विषय

पाथरी तालुक्यातील एका शेतकरी वडिलांचे पत्र आले आहे. मुलगा छत्रपती संभाजीनगरला संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकतो, सीजीपीए ७.१ आहे आणि गणित-३ चा बॅकलॉग राहिला आहे. निरनिराळ्या जातीच्या, दूरदूर पसरलेल्या संगणकांवर चालणाऱ्या प्रणालींमध्ये सेवेची गुणवत्ता कशी राखावी, या विषयावर त्याला प्रकल्प आणि पुढे एम.टेक. करायचे आहे. वडिलांना हे सर्व्हिस सेंटरचे काम वाटते. त्याने एआयचा कोर्स करून पुण्यात पॅकेज घ्यावे किंवा एमपीएससीला बसावे, असे मी त्याला समजवावे आणि पत्राविषयी त्याला कळू देऊ नये, अशी त्यांची विनंती आहे.

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील गुणांनी मला चिंता वाटली नाही. चिंता वाटली ती आपण ओघात लिहून पुढे गेलात त्या वाक्याची: ‘दिवाळीला दोनच दिवस आला, जेवताना मान वर केली नाही.’ त्याच्या आधीच्या परिच्छेदात आपण लिहिले आहे की फीसाठी दोन एकर गहाण ठेवल्याची आठवण आपण त्याला प्रत्येक फोनवर करून देता आणि हिंजवडीतल्या चुलतभावाचा पगारही सांगता. ही दोन वाक्ये आपण शेजारी ठेवून वाचावीत. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा गहाणखत विसरत नाही. वसतिगृहात रात्री पुस्तक उघडताना ते त्याच्या डोळ्यांसमोर असते. जी गोष्ट त्याला पाठ आहे ती पुन्हा पुन्हा ऐकवल्याने त्याचा अभ्यास वाढणार नाही, घरी येणे मात्र कमी होईल, आणि ते सुरू झाले आहे असे मला आपल्याच पत्रावरून दिसते. कर्जाची काळजी खरी आहे, ती मी हलकी लेखत नाही. परंतु हप्ता किती, मुदत किती, नोकरी दोन वर्षे लांबली तर काय करायचे, हा हिशेब त्याच्यासमवेत एकदा कागदावर मांडावा आणि त्यानंतर फोनवर तो विषय काढू नये. त्याला अंधारात ठेवून समजवण्याचे काम मी करणार नाही. हे उत्तर त्यानेही वाचावे अशीच माझी इच्छा आहे.

आता सर्व्हिस सेंटरविषयीचा गैरसमज. आपण आडतीवर किंवा खताच्या दुकानात यूपीआयने पैसे देता, तेव्हा आपले अ‍ॅप, आपली बँक, राष्ट्रीय देयक महामंडळ आणि दुकानदाराची बँक अशा निदान चार ठिकाणची यंत्रणा काही क्षणांत एकमेकींशी बोलते. यांतली यंत्रे एका जातीची नसतात, एका मालकाची नसतात, त्यांच्यावरचा भारही सारखा नसतो. प्रत्येक कडी वर्षभरात ९९.९ टक्के वेळ चालू असली तरी ती सुमारे पावणेनऊ तास बंद असते. चारही कड्या निरनिराळ्या वेळी बंद पडल्या तर ग्राहकाच्या वाट्याला जवळजवळ ३५ तास येतात. प्रत्येक जण आपापल्या जागी उत्तम असूनही संपूर्ण सेवा का ढासळते आणि ती कशी सावरायची, हे या विषयाचे काम आहे. आपल्याला हे कालव्यावरून अधिक लवकर पटेल. जायकवाडीच्या डाव्या कालव्याला आवर्तन सुटले की हेडच्या, म्हणजे तोंडाकडच्या, रानाचे भागते, टेलच्या, म्हणजे शेवटाकडच्या, चारीत मात्र ओल पोचेपर्यंत पाळी संपते. कालव्याच्या सरासरी विसर्गाचा आकडा टेलच्या उसाला उपयोगी पडत नाही. संगणकशास्त्रातही हाच शब्द आहे, ‘टेल लेटन्सी’, म्हणजे सर्वांत मागे राहिलेल्या थोड्या विनंत्यांना लागणारा वेळ. गूगलमधील जेफ्री डीन आणि लुईझ बारोसो यांनी २०१३ साली दाखवले की एखादा सर्व्हर शंभरातून एकदाच एका सेकंदाहून अधिक वेळ घेत असला, पण एका विनंतीसाठी अशा शंभर सर्व्हरांची उत्तरे लागत असली, तर ६३ टक्के विनंत्या एका सेकंदाहून अधिक रेंगाळतात. अशा वेळी पाणी कोणासाठी राखून ठेवायचे आणि कोणाला अग्रक्रम द्यायचा, हा जो वाद कालव्यावर होतो, तोच इंटरनेटच्या अभियंत्यांनी १९९० च्या दशकात घातला आणि दोन्ही पद्धतींची मानके लिहून काढली. आपण ज्या एआयचा आग्रह धरता, तेही असंख्य यंत्रांवर चालते आणि त्याचे उत्तर वेळेवर यावे यासाठी हेच शास्त्र लागते.

मुलालाही स्पष्ट सांगणे भाग आहे. या विषयाचा पाया संभाव्यता आणि रांगेचे गणित हा आहे, ज्याची सुरुवात कोपनहेगनच्या टेलिफोन व्यवस्थेसाठी डॅनिश गणितज्ञ एर्लांग यांनी १९०९ साली केली. रांगेच्या सर्वांत साध्या नमुन्यात सर्व्हर निम्मा वेळ कामात असेल तर एका कामाला, रांगेतले थांबणे धरून, सरासरी दुप्पट वेळ लागतो आणि नव्वद टक्के वेळ कामात असेल तर दहापट, हे ज्याला स्वतः मांडता येत नाही त्याने हा विषय निवडला असे म्हणू नये. म्हणून गणित-३ आधी सोडवावे, केवळ चाळीस गुणांपुरते नव्हे. प्रकल्पासाठी महागडी सामग्री नको. महाविद्यालयात पडून असलेले चार-पाच जुने-नवे संगणक एकत्र जोडून त्यावर कुबरनेटीस, म्हणजे अनेक संगणकांवर कामे वाटून देणारी प्रणाली, चालवावे, तिथल्या सेवादर्जाच्या तीन वर्गांवर वेगवेगळा भार टाकावा आणि सरासरी नव्हे तर शंभरातील सर्वांत संथ विनंतीचा वेळ मोजावा. यंत्रे असमान असणे ही इथे उणीव नाही, अभ्यासाचा विषयच तो आहे.

मार्गांची माहिती आपल्याला आहेच: गेट ही प्रवेशपरीक्षा देऊन एम.टेक., सी-डॅकची पदव्युत्तर पदविका, किंवा थेट नोकरी. कर्ज पाहता, नोकरी करीत गेटची तयारी करणे मला अयोग्य वाटत नाही. एमपीएससीचा विचार त्याने स्वतः बोलून दाखवला असेल तरच करावा. आपल्या पत्रात तसे कोठेही नाही.

पुढचे पत्र मात्र त्याने लिहावे. गणितात नेमके कोणत्या प्रकरणात अडखळतो आणि हा विषय त्याला प्रथम कोठे भेटला, एवढे दोन मजकूर त्यात असले तरी पुरे. आपण त्याला हे उत्तर पाठवाल तेव्हा सोबत आपले मूळ पत्रही पाठवावे, दिवाळीच्या वाक्यासह.