गगनबावड्याकडं निघायच्या आधी

भावा, गगनबावडा-दाजीपूरला बाइकवरून एकटा निघतोयस तर पंक्चर किट आणि छोटा पंप सोबत हवाच. वाटेतलं कळे गाव सोडल्यावर पंक्चरवाला मिळेल ह्या भरवशावर राहू नको.

टायर ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला) असेल तर खिळा दिसला की लगेच उपटू नको. आधी किटमधली रबरी पट्टी सुईत ओवून सोल्युशन लावून ठेव. मग खिळा काढ आणि तो ज्या कोनात घुसला होता, त्याच कोनात रीमर (भोक साफ करायचा खरबरीत टोच्या) फिरव; नाहीतर भोक वाढतं. मग सुई पट्टीसकट भोकात घाल, पट्टीची टोकं सेंटिमीटरभर बाहेर ठेवून सुई एका झटक्यात ओढ. हवा भरून वर पाणी ओत, बुडबुडे आले तर अजून एक पट्टी. टायरच्या बाजूला चीर पडली असेल तर मात्र पट्टीचा नाद सोड, सरळ टेम्पो बघ.

ट्यूबवाल्या गाडीला जादा ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर रिममधून उचकटायच्या सळ्या) आणि ॲक्सलचा पाना घे. चाक एकदा घरीच काढून बघ.