जुलाब झाल्यावर नुसतं पाणी का पुरत नाही? मीठ-साखरेच्या पाण्यात साखर ताकदीसाठी घालतात का?

नाही, ताकदीसाठी नाही. तुम्ही विचारलंय की मुलाला जुलाब होत असताना भरपूर पाणी पाजलं तरी ते 'लागत' का नाही, आणि जलसंजीवनीत, म्हणजे मीठ-साखरेच्या पाण्यात (ओआरएसमध्ये), साखर नेमकी काय करते. मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. पेशीपटलातून पदार्थ आत-बाहेर कसे जातात या धड्यातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग हाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आतड्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एक थर असतो. पोटात गेलेलं पाणी रक्तात पोचायचं तर हा थर ओलांडायला हवा. प्रत्येक पेशीभोवतीचं पटल म्हणजे स्निग्ध पदार्थाचा दुपदरी पापुद्रा. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड त्यातून सहज आरपार जातात. सोडियम (मिठाचा एक घटक) किंवा ग्लुकोज (एक साधी साखर) मात्र त्या स्निग्ध थरातून जाऊ शकत नाही, त्यांना पटलात बसवलेल्या वाहक प्रथिनांची मदत लागते. पाण्याची तर आणखी वेगळी गोष्ट. पाणी खेचून घेणारा पंप आपल्या शरीरात कुठेच नाही. जिकडे क्षार किंवा साखर जास्त विरघळलेली, तिकडे पाणी आपोआप सरकतं, एवढंच. यालाच परासरण म्हणतात. म्हणजे आतड्यातलं पाणी रक्ताकडे न्यायचं असेल, तर आधी मीठ पलीकडे न्यावं लागतं.

पटकीमध्ये (कॉलऱ्यात) नेमकी इथेच गडबड होते. त्या जंतूचं विष आतड्याच्या पेशींमधले क्लोराइडचे (मिठाच्या दुसऱ्या घटकाचे) मार्ग उघडेच ठेवतं. क्लोराइड आतड्याच्या पोकळीत वाहत राहतं, त्यामागे सोडियम जातं आणि त्यामागे पाणी. सोडियम शोषून घेण्याचा नेहमीचा एक मोठा रस्ताही थंडावतो. रोग तीव्र असेल तर तासाला लिटरभर पाणी शरीरातून जाऊ शकतं. अशा वेळी नुसतं पाणी पाजलं तर त्याला रक्ताकडे ओढून नेणारं मीठच नसतं, आणि बरंचसं पाणी तसंच खाली निघून जातं.

पण एक रस्ता या विषाच्या तावडीतून सुटतो. आतड्याच्या पेशींवर एसजीएलटी-१ नावाचा वाहक असतो. तो सोडियमचे दोन कण आणि ग्लुकोजचा एक रेणू एकदमच आत घेतो. बँकेच्या लॉकरला कशा दोन किल्ल्या लागतात, एक आपली आणि एक बँकेची, तसं आहे हे: एकटं मीठ आलं तर दार उघडत नाही, एकटी साखर आली तरी नाही. साखर हवी ती यासाठी. आपली साधी साखर आतड्यातच फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, त्यामुळे घरातली साखरही चालते.

हा वाहक फिरतो कशाच्या जोरावर? पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला सोडियम-पोटॅशियम पंप सतत चालू असतो. एटीपीचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचा, एक रेणू खर्चून तो सोडियमचे ३ कण बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे २ आत घेतो. त्यामुळे पेशीत सोडियम कायम कमी राहतं, आणि आतड्याकडून आत येणाऱ्या सोडियमला उतार मिळतो. ग्लुकोज त्या उतारावर सोबत आत येतं. पंपाचा शोध येन्स स्कू यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करताना लावला, नोबेल मिळालं १९९७ मध्ये. सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं जातात ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग इथं मांडली.

आणि १९७१! बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथं निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचं मिश्रण पाण्यात कालवून पिंपांमध्ये भरून ठेवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितलं. तिथला मृत्युदर जवळपास ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आला. हे वर्गात सांगताना मला दर वेळी भरून येतं. पेशीपटलातल्या एका प्रथिनाच्या भरवशावर आयाबायांनी वाटीवाटीनं माणसं वाचवली.

आता घरच्यापुरतं. जलसंजीवनीची तयार पुडी मिळाली तर पुडीच वापरा आणि तिच्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात सगळी एकदम मिसळा. नाहीच मिळाली तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट ६ चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. मूल पीत नाही म्हणून साखर वाढवू नका: साखर जास्त झाली की परासरण उलटं फिरतं आणि पाणी आतड्यात ओढलं जातं. याच कारणासाठी २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं पुडीतलं ग्लुकोज आणि सोडियम दोन्ही कमी केलं. कोल्ड्रिंक आणि डब्यातला गोड रस त्यामुळेच नको. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, पण सोडियम कमी, म्हणून ते पुडीच्या जागी धरू नका. मीठ घातलेली भाताची पेज मात्र खुशाल द्या, तिच्यातल्या स्टार्चमधून ग्लुकोज हळूहळू सुटतं.

लहान मुलाला चमच्याचमच्यानं पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा. मूल मलूल पडलं, डोळे खोल गेले, पोटाची चिमटी घेतल्यावर कातडी सावकाश खाली बसू लागली, शौचातून रक्त पडलं किंवा ते काही पीतच नसेल, तर घरी वाट बघत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. पोटातून पाणी जातच नसेल तेव्हा ते शिरेतूनच द्यावं लागतं.