सालमन खातच नाही, मग गळाला लागतो कसा?

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत सिराक्यूजला असते. ऑक्टोबरमध्ये महिनाभर तिच्याकडे जातोय. जावई फ्लाय फिशिंग करतात आणि मला सालमन रिव्हरवर नेणार म्हणतात. लहानपणी दारणेवर गळ टाकलाय, पण हे मासे नदीत आल्यावर काही खात नाहीत असं ते सांगतात. मग ते लागतात कसे? इथून काही सराव करून जाता येईल का? आणि हे आपल्या गोदावरीत जमेल का?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : नोकरीमुळे माझे अकरा वर्षांचे ऑक्टोबर महिने त्या नदीवर गेले, त्यामुळे तुमचं पत्र दोनदा वाचलं.

जावई सांगतात ते खरं आहे. कोहो आणि चिनूक हे सालमन मूळचे पॅसिफिकचे. समुद्रातून शिरलेल्या एलवाइफ नावाच्या लहान माशांनी तिथली मोठी तळी (ग्रेट लेक्स) भरून गेली, तेव्हा १९६६ साली मिशिगन राज्याने प्लॅट नदीत कोहोची पिल्लं सोडली. त्यांनी एलवाइफ खाल्ले आणि तळ्यालाच समुद्र मानलं. शरदात अंडी घालायला ते नदीत चढतात, आपल्याकडे पहिल्या पावसात चढणीचे मासे ओढ्यात शिरतात तसे. एकदा चढले की खाणं बंद, आणि अंडी घातली की मरतात. फ्लायवर, म्हणजे गळाला लोकर-पिसं बांधून केलेल्या नकली आमिषावर, तोंड टाकतात ते बहुधा चिडून, तीही अगदी नाकासमोर आली तर.

त्यांच्या मागोमाग तळ्यातून स्टीलहेड (रेनबो ट्राउटचाच एक प्रकार) आणि ब्राउन ट्राउट हे मासे येतात. ते मात्र खातात, आणि काय खातात तर सालमनची वाहून आलेली अंडी! मटाराच्या दाण्याहून जराशी लहान, केशरी. म्हणून तिथली सगळ्यात चालणारी फ्लाय म्हणजे गळाला बांधून गोल कातरलेला केशरी लोकरीचा गोंडा. खरं अंडं प्रवाहाबरोबर तळाशी घरंगळत येतं. तुमचा गोंडाही तसाच आला पाहिजे. वरची जाड दोरी प्रवाहात ताणली गेली की गोंडा पाण्यापेक्षा वेगाने पळतो, आणि मासा बघतसुद्धा नाही. म्हणून काठीचं टोक उचलून दोरी वरच्या अंगाला परत टाकत राहायची. मला हे उमगायला तीन दिवस रिकाम्या हाताने परतावं लागलं.

सराव इथेच करा. गोल्फ क्लब मैदानावर पहाटे, गळाऐवजी दोरीच्या टोकाला लोकरीचा तुकडा बांधून. काठी मागे नेली की थांबा, दोरी मागे पूर्ण उलगडू द्या, मगच पुढे आणा. दारणेवर आपण गळ भिरकावतो तो जोर इथे उपयोगाचा नाही.

आता पाणी. तुम्ही नाशिकचे, विसर्ग आणि क्यूसेक तुम्हाला शिकवायला नकोत. पावसाळ्यात गोदावरीचं पाणी किती चढलं ते कळायला आपण दुतोंड्या मारुतीकडे बघतो, तसा तिथे रोज सकाळी धरणातून सोडलेल्या पाण्याचा आकडा बघायचा. ५०० क्यूसेकला मी निवांत उतरायचो, १००० च्या वर काठावरच थांबायचो. दगड शेवाळलेले असतात. तळाला खिळे असलेले बूटच घाला. परवाना आधी काढून ठेवा.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. उथळ पाण्यात खडीचा एखादा तुकडा आजूबाजूपेक्षा उजळ, धुतल्यासारखा दिसेल. मादीने शेपटीने गाळ झाडून केलेलं ते घरटं असतं. पहिल्याच वर्षी मी त्यावर पाय देणार, तोच वरच्या अंगाचा एक म्हातारा ओरडला. मी जागीच थांबलो. पायापासून हातभर अंतरावर मादी आडवी होऊन खडीवर शेपूट मारत होती. शेपटीची कड झिजून पांढरी पडली होती. तिथे पाय देऊ नका, तिथल्या माशावर गळही टाकू नका. काहीजण गर्दीतल्या माशांच्या अंगात मुद्दाम गळ रुतवून ओढतात. ते बेकायदा आहे आणि क्रूरही. सोडायचा मासा ओल्या हाताने धरा, पाण्याबाहेर काढू नका.

गोदावरीचं म्हणाल तर नाही. ट्राउटला थंड पाणी लागतं. इकडेच हौस भागवायची असेल तर हिमाचलात तीर्थन नदीवर ब्राउन ट्राउट आहेत. आपल्याकडचे मासे पावसात अंडी घालायला चढतात, तेव्हा त्यांच्या वाटेत गळ टाकू नका.

जाताना मेनरोडवरून केशरी आणि फिकट गुलाबी लोकरीची एकेक गुंडी घेऊन जा. जावयांना आवडेल.