श्रीमंत कारखानदार महापौर होऊन गरिबांच्या बाजूने उभा राहिला, असं कुठे घडलंय का?

घडलंय. अमेरिकेत, डेट्रॉइट शहरात. त्याचं नाव हेझन पिंग्री.

नोकरीमुळे मी काही वर्षं डेट्रॉइटजवळ राहत होतो. तिथल्या ग्रँड सर्कस पार्कमध्ये खुर्चीत बसलेल्या एका टकल्या, दाढीवाल्या माणसाचा ब्राँझचा पुतळा आहे. हा कोण, म्हणून वाचायला घेतलं आणि त्यात गुंतूनच गेलो.

पिंग्रीचा जन्म १८४० चा. पोरवयात कापडगिरणीत राबला, मग जोड्यांच्या कारखान्यात चामडं कापायला लागला. यादवी युद्धात उत्तरेकडून लढताना पकडला गेला, दक्षिणेच्या अँडरसनव्हिल इथल्या युद्धकैद्यांच्या भीषण छावणीतून जिवंत सुटला. डेट्रॉइटला येऊन भागीदारीत जोड्यांचा कारखाना काढला, तो जोरात चालला. १८८९ मध्ये शहरातल्या बड्या रिपब्लिकन मंडळींनी त्याला महापौरपदासाठी उभं केलं. आपलाच माणूस, कर वाढवणार नाही, एवढाच त्यांचा हिशोब.

पण खुर्चीवर बसल्यावर त्याने पालिकेची कंत्राटं स्वतः तपासायला घेतली. रस्त्यांवर लाकडी ठोकळे बसवलेले, ते कुजायचे आणि ठेकेदार पुन्हा पैसे घ्यायचे. गॅसचे दर अवाच्या सवा. १८९१ मध्ये ट्राम कामगारांचा संप झाला. कंपनीला सैन्य हवं होतं. याने ते बोलवायला नकार दिला. पुढे तीन सेंटच्या आसपास भाडं घेणारी दुसरी ट्राम कंपनी आणली, रस्त्यावरच्या दिव्यांसाठी पालिकेचं वीजघर उभारलं. शिक्षण मंडळाच्या सभेत एकदा स्वतः गेला, लाच खाणाऱ्या सदस्यांना राजीनामे द्यायला सांगितलं आणि ते ऐकेनात तेव्हा तिथेच अटक करवली! ज्या बँकेचा तो संचालक होता तिने त्याला दूर केलं, चर्चमधली नेहमीची जागाही गेली.

बटाट्यांची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते. १८९३ च्या मंदीत डेट्रॉइटमध्ये हजारो लोक बेकार झाले, त्यांत पोलिश आणि जर्मन स्थलांतरित बरेच. शहरात मोकळे प्लॉट मात्र भाव चढायची वाट बघत पडून होते. पिंग्रीने मालकांकडे ते लागवडीपुरते मागितले. बियाण्यासाठी चर्चमधून वर्गणी मागितली, ती अगदीच तुटपुंजी जमली. तेव्हा त्याने स्वतःचा आवडता घोडा लिलावात काढला. सुमारे ४३० एकर जमीन मिळाली आणि १८९४ च्या हंगामात ९४५ कुटुंबांनी तिच्यावर बटाटे, घेवडा वगैरे लावलं. लावणी उशिरा झाली, पाऊसही कमी पडला. वर्तमानपत्रांनी यथेच्छ टिंगल केली. तरी खर्च झाला साधारण ३,६०० डॉलर आणि पीक निघालं १२ हजारांच्या वरचं. मग न्यूयॉर्क, बोस्टनसारख्या शहरांनीही हेच केलं. अन्नछत्रापुढे रांग लावण्यापेक्षा स्वतःच्या हाताने पिकवलेलं घरी नेणं किती वेगळं, हे गिरणीत राबलेल्या माणसाला सांगावं लागलं नसेल.

चार वेळा महापौर झाल्यावर १८९६ मध्ये तो मिशिगनचा गव्हर्नर म्हणून निवडून आला आणि महापौरपदही सोडेना. ट्रामचा लढा अर्धवट राहील, ही त्याची भीती. हेतू चांगला असला तरी हे मला पटत नाही. एका माणसाने दोन्ही पदं धरून ठेवणं चूकच. १८९७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निकाल दिला आणि त्याला महापौरपद सोडावं लागलं. गव्हर्नर म्हणून दोन कारकिर्दी झाल्या, त्यांत रेल्वे कंपन्यांकडून रास्त कर वसूल करण्यासाठी भांडला. १९०१ मध्ये आफ्रिकेच्या प्रवासाहून परतताना लंडनला वारला, साठाव्या वर्षी.

मी पाहिलेला तो पुतळा १९०४ चा, लोकवर्गणीतून उभारलेला.