ग्रुपवर आधी तुम्ही बोला

‘ताई, आमची दहावीची १९९६ची बॅच. गौरी-विसर्जनानंतर मालवणात गेटटुगेदर ठरलंय. माझ्या बाकावरचा मित्र कित्येक वर्षं संपर्कात नव्हता. परवा त्याने ग्रुपवर लिहिलं, “मी आता स्त्री म्हणून जगते, ठाण्यात असते. आले तर चालेल ना?” एकाने दशावतारातल्या स्त्रीपार्टावरून विनोद केला, बाकी सगळे गप्प. मीही. शाळेत पोरं त्याला बायल्या म्हणायची, तेव्हा मीही हसायचो. पण एवढी मैत्री असून माझ्यापासून का लपवलं? आता काय बोलू?’
– एक मित्र, मालवण

दादा,

का लपवलं, ते तुमच्याच पत्रात आहे. ज्या वर्गात ‘बायल्या’ ही रोजची हाक होती आणि जवळचा मित्रही हसत होता, तिथे ती सांगणार कुणाला? तिने तुम्हाला फसवलं नाही, स्वतःला जपलं. तिला जाब विचारू नका. त्या हसण्याबद्दल मात्र माफी मागा, फोन करून, थोडक्यात. ‘तेव्हा आपण लहान होतो’ असं पुढे जोडू नका.

त्याच्याही आधी, हे वाचल्याबरोबर ग्रुपवर लिहा, ‘नक्की ये, वाट बघतो.’ तिने सगळ्यांसमोर विचारलंय, उत्तरही सगळ्यांसमोर हवं. गप्प बसलेल्यांतले बरेच जण पहिलं कोण बोलतंय याचीच वाट बघत असतील.

विनोद करणाऱ्याला वेगळा फोन करा. दशावताराचा तुम्हाला अभिमान असणारच. पण स्त्रीपार्ट करणारा कलाकार पहाटे रंग पुसून घरी जातो. ही तिची भूमिका नाही, तिचं आयुष्य आहे. कोणी कायद्याचं काढलं, तर आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजीच मान्य केलाय, एवढं सांगा आणि वाद थांबवा.

तुम्ही पत्रभर तिला ‘तो’ म्हटलंय. सवय मोडायला वेळ लागेल. तोंडातून ‘आलास’ गेलं तर ‘आलीस’ म्हणा आणि पुढचं बोला. माफी मागत बसलात तर उलट तिलाच तुमची समजूत काढावी लागेल. आता कुठल्या नावाने हाक मारायची, शाळेतले जुने फोटो सगळ्यांना दाखवलेले चालतील का, हे तिलाच विचारा. शस्त्रक्रियेचा विषय तुम्ही काढू नका आणि दुसऱ्या कोणी काढला तर तिथेच अडवा.

आणखी एक. मालवणातल्या तिच्या घराचं दार तिला उघडं आहे का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. नसेल तर तुमच्याकडे उतरायला बोलवा. तुमच्या घरच्यांना आधी काय आणि किती सांगायचं, ते मात्र तिच्याशी बोलून ठरवा. गणपतीच्या गाड्यांचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि हां हां म्हणता भरतं. ठाण्याहून कुडाळचं तिकीट काढायचं की नाही, हे तिला त्याआधी ठरवता यायला हवं.

– ताई